डावीकडची चकती

आमच्या परदेशीपुऱ्यातले एक फोटो स्टुडिओवाले काहीही बोलण्याआधी चष्मा शर्टाला पुसत. माझी मिल बंद पडल्यावर मी त्यांच्याकडे कॅमेरा शिकलो. प्रकाश, कोन वगैरे सांगत, पण घोकवत एकच, "रोल भरला की डावीकडची चकती बघा. ती फिरली तरच रोल सरकतो."

पहिल्याच लग्नाचे फोटो काढताना मी घाईघाईत ती बघायची विसरलो. सप्तपदी आटोपल्यावर कळलं, रोल जागचा हललाच नव्हता. एकही फोटो नाही.

वळून बघतो तर मांडवाच्या खांबाशी स्टुडिओवाले, गळ्यात कॅमेरा. त्यांना आमंत्रण नव्हतंच. चष्मा पुसत म्हणाले, "टेन्शन मत लो भिया, सगळे फेरे आहेत माझ्याकडे. पहिल्या लग्नात माझाही रोल असाच अडकला होता. तेव्हा मागे कोणी नव्हतं."