ग्रंथातला ऋतू आणि डोंबिवलीची हवा

वैद्य निर्मलाताईंची आणि माझी पहिली भेट मिठावरून झाली. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. डोंबिवलीत एका इमारतीच्या तळमजल्यावर माझा लहान मुलांचा दवाखाना होता आणि बरोबर वर ताईंच्या सासऱ्यांचा, म्हणजे आबा वैद्यांचा. ताई आबांच्या हाताखाली नुकत्याच बसू लागल्या होत्या. एका दुपारी त्या खाली आल्या आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या घरी मिठाला पाणी कधी सुटतं हो?" सकाळपासून रडणारी पोरं तपासून माझं डोकं उठलेलं. मी म्हणालो, "ते माझ्या बायकोला विचारा." संध्याकाळी त्या खरोखर आमच्या घरी जाऊन विचारून आल्या.

मी ॲलोपॅथीचा माणूस. आयुर्वेदावर माझा तेव्हा फारसा विश्वास नव्हता आणि आजही तो बेताचाच आहे. तरीही ताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात मी लिहितो आहे, कारण त्यांची कामाची पद्धत मी जवळून पाहिली आहे. कोणत्या ऋतूत काय खावं, अंगाला तेल किती लावावं, हे त्यांच्या शास्त्रात ठरलेलं असतं. आबांनी ते साताऱ्याकडच्या कोरड्या, खणखणीत थंडीत शिकून आणलं होतं. इथे खाडी जवळ, हवा दमट, थंडी नावाला. ताईंचं म्हणणं असं, की पाणथळ प्रदेश आणि कोरडा प्रदेश ग्रंथांनीच वेगळे मानलेत, मग आपण कॅलेंडर बघून पथ्य का सांगायचं? म्हणून कुणाच्या घरी दमट हवा कधी सुरू होते ते कळायला त्या प्रत्येकीला मिठाचं विचारत. दिवा स्टेशनकडे खाडीकाठी मीठ लवकर पाझरायचं, टिटवाळ्याला उशिरा. त्याप्रमाणे तेलकट, जड खाणं कधी कमी करायचं, ते त्या घरोघर वेगळं सांगत.

त्यांच्यात हट्ट आहे, पण अडेलतट्टूपणा नाही. ठाण्याच्या खाडीवरच्या एक कोळीण बाई त्यांच्याकडे येत. पावसाळ्यात सुकी मासळी वर्ज्य, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्या तणतणत आल्या, "मासेमारीच्या बंदीत होड्या नांगरलेल्या, सुकट पण सोडायची तर खायचं काय, दगड?" ताई हसल्या. म्हणाल्या, "खा की! सोबत कोकमाचं सार घ्या आणि दह्याला तेवढं हात लावू नका." आणि जे आपलं काम नाही, ते त्या कधी अडवून ठेवत नसत. ताप चढलेलं मूल वर त्यांच्याकडे आलं, की लगेच जिन्यातून हाक यायची, "डॉक्टर, हे तुमचं!"

त्यांचं खरं धैर्य मी एका मे महिन्यात पाहिलं. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सुलभा नावाची पहिलटकरीण नुकतीच बाळंत झाली होती. तिचा नवरा तान्ह्या बाळाला घेऊन माझ्याकडे धावत आला. बाळ तापलं होतं, ओठ सुकले होते, लघवी जवळजवळ नव्हती. आईला दूध येत नव्हतं. मी बाळाचे उपचार सुरू केले आणि ताईंना म्हटलं, "दूध का येत नाही, तेवढं बघता का?"

आम्ही दोघं वर गेलो. खोलीच्या खिडक्या बंद, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओव्याची धुरी. सुलभा घामाने निथळत होती. तिची सासू बाळंतपणासाठी साताऱ्याहून आली होती. ताईंनी विचारलं, "पाणी किती देता?" सासूबाई म्हणाल्या, "बाळंतिनीला कुटं पानी देत्यात व्हय? घोटभर देतो. आबा वैदांनीच सांगितलंय समदं." ताईंनी शेगडी उचलून गॅलरीत ठेवली, खिडक्या उघडल्या आणि सुलभाच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

"सासऱ्याचं मोडतीस?" सासूबाई ओरडल्या.

"मोडते," ताई म्हणाल्या.

संध्याकाळी तक्रार आबांकडे गेली. दवाखाना भरलेला होता. आबा सगळ्यांसमोर म्हणाले, "निर्मला, उद्यापासून तू इथे बसायचं नाहीस." ताई शांतपणे म्हणाल्या, "नाही बसत. तुम्ही फक्त एकदा त्या खोलीत बसून या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा काठी टेकत तिसरा मजला चढले. मी बाळाला तपासायला आलोच होतो. बाळ बापाच्या मांडीवर गॅलरीत होतं. सासूबाईंनी हौसेने शेगडी पुन्हा आत आणली, खिडक्या लावून घेतल्या. आबा खाटेशेजारी स्टुलावर बसले. थोड्याच वेळात त्यांचा सदरा अंगाला चिकटला. ते मानेवरचा घाम पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "जरा पाणी द्या."

सासूबाईंनी लगबगीने पेला भरून दिला. आबांनी तो ओठांपर्यंत नेला. तिथेच थांबले. मग हात लांब करून पेला सुलभापुढे धरला आणि म्हणाले, "आधी तू घे, पोरी." ती घटाघट प्यायली. आबांनी स्वतः उठून खिडक्या उघडल्या. जाताना सासूबाईंना म्हणाले, "साताऱ्याचं वेगळं, इथलं वेगळं. माझी सून सांगेल तसं करा."

पाणी पोटात जाऊ लागलं तसं सुलभाला दूध आलं, बाळाचा ताप उतरला. ताई दवाखान्यात बसत राहिल्या, आणि पुढे कुणी ऋतूचं पथ्य विचारलं की आबा त्यांच्याकडे बोट दाखवत.

इतकी वर्षं खालीवर बसून मी ताईंशी वाद घातले, थट्टा केली. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, हे तोंडावर काही सांगता आलं नाही, म्हणून छापून सांगतो. शंभर वर्षांची हमी द्यायला मी वैद्य नाही. माझी इच्छा थोडी स्वार्थीच आहे. माझा नातू अजून शाळेत जातो. त्याचं लग्न होईल, घरात बाळंतीण असेल, तेव्हा निर्मलाताईंनी आपल्या पायांनी आमचा जिना चढून यावं आणि आमचं कुणाचंही न ऐकता तिला काय हवंय, ते आधी तिला विचारावं.