हर्षवायूचं वाक्य

समजा, तुमच्यापुढे एक शब्द ठेवला: हर्षवायू. अर्थ लिहिणं सोपं आहे. आनंद इतका, की माणसाचं भान सुटतं. पण अर्थाखाली एक वाक्यही हवं, आणि ते मनाने रचायचं नाही. आपल्या ग्वाल्हेरात कुणीतरी ते खरोखर बोललेलं असावं, नाव आणि तारखेसकट. आणाल कुठून?

वनमाला पुरंदरे तीन महिने तेच शोधत होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या लाइनी जोडून दिल्या, पण कुणाचं बोलणं चोरून ऐकलं नाही. निवृत्तीनंतर मात्र वही घेऊन उघड ऐकत फिरू लागल्या. शहराच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळाच्या शब्दसंग्रहासाठी त्यांनी दोनशे बारा शब्दांची वाक्यं जमवली. अडला होता हा एकच. त्यांच्या आईच्या तोंडी तो सारखा असे. तो गाळायला त्या तयार नव्हत्या.

"संध्याकाळी फाइल छपाईला जाणार, वनमालाताई," मंडळाचा चिटणीस अंबरीश फोनवर म्हणाला. "वाक्य नाही, तर शब्द नाही. नियम तुम्हीच केलाय."

"माहीत आहे रे बाबा. संध्याकाळ अजून व्हायची आहे."

खटपट त्यांनी कमी केली नव्हती. निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभ्या राहिल्या, बोलावणं नसताना बारशांना गेल्या. पण आनंद झाला, की इथली मराठी माणसं थेट हिंदीत शिरत. "मज़ा आ गया!" एवढंच कानावर पडायचं.

त्या दुपारी त्या महाराज बाड्याच्या चौकातून सवारी टेम्पोने बिर्ला नगरला गेल्या, मैत्रिणीला, कुसुमताईंना बघायला. कुसुमताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, सकाळीच पट्टी निघाली होती, आणि बाई एका जागी बसायला तयार नव्हत्या. कॅलेंडर वाच, बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाच, खिडकीतून समोरच्या स्कूटरचा नंबर वाच.

"वनमाला, किती म्हातारी झालीस गं!" त्या खुशीत ओरडल्या.

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. गरिमा मूळची भिंडची. मराठी सासरी येऊन शिकलेली.

"काकू, आईंना सुबहपासून हर्षवायू झालाय. पंख्यावरची धूळ दिसली, तर मलाच स्टुलावर चढवलं!"

वनमालाबाईंनी विचारलं, "हा शब्द कुठे शिकलीस?"

"आईच म्हणतात ना मला! माहेरचं तिकीट निघालं, की 'झाला हिला हर्षवायू'."

"मला काही झालेलं नाही," कुसुमताई फणकारल्या. "मला नुसतं दिसतंय. गरिमा, ते तिसरं पातं राहिलंय."

वनमालाबाईंनी चहा बाजूला ठेवून वाक्य उतरवून घेतलं. तीन महिने आपण भलत्याच माणसांकडे कान लावून बसलो, हे त्यांना आता उमगलं. आनंदात बुडालेला माणूस हा शब्द काढतच नाही. काढतो तो शेजारी उभा असलेला, तोही जरा चिडवत. त्यांनी लगेच अंबरीशला फोन लावून वाक्य वाचून दाखवलं, नाव आणि तारीख सांगितली. शब्द राहिला.

फोन ठेवला, तरी वनमालाबाई वही मिटेनात; तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. कुसुमताई आता औषधाच्या बाटलीवरची अक्षरं मोठ्याने वाचत होत्या.

"कुसुम, खरं सांग," वनमालाबाई म्हणाल्या, "ज्याला हर्षवायू होतो, त्याला तो होत असताना कळतो का गं?"