तरफबाईंचा वीस मीटर दोर

तरफबाई हे नाव मुलींनी ठेवलेलं. नववीला विज्ञान शिकवणाऱ्या या बाई बरणीचं झाकण उघडतानाही विचारायच्या, "टेकू कुठाय? बळ कुठाय?" वडील फिटर, थोरला भाऊ फिटर. घरात बाईंच्या हाती अवजार कुणी दिलं नाही, म्हणून त्यांनी अवजारामागचं गणित शिकून घेतलं आणि सव्वीस वर्षं फळ्यावर यंत्रं चालवली.

दादाचा कारखाना बंद झाला, तेव्हा त्याने तिथलं ड्रिल मशीन शाळेला मिळवून दिलं. मुलींच्या वर्कशॉपसाठी खोली होती पहिल्या मजल्यावर, आणि मुख्याध्यापकांची अट होती चोख : "आज पाचपर्यंत मशीन वर आलं तर खोली तुमची. नाहीतर मोडकी बाकं तिथे जातील."

जिना अरुंद, म्हणून मशीन बाहेरून, कठडा काढलेल्या गॅलरीत घ्यायचं ठरलं. वर लोखंडी तुळई होतीच.

"एकशेवीस किलो," बाईंनी अंगणात वर्ग भरवला. "चार कप्प्या लावल्या की चार पदर भार वाटून घेणार. म्हणजे ओढायला?"

"तीस, बाई!"

"दोघीजणी पुरे."

दादा शिडीवर चढून दोर ओवत होता. शेवटच्या कप्पीपाशी थांबला. "ए शहाणे, दोर संपला."

"वीस मीटर आणलास ना?"

"तुझ्या चिठ्ठीत होता तेवढा."

"बरोबर आहे की. मशीनच्या कड्यापासून तुळई पाच मीटर. पाच वर, पाच खाली, दहा हाताशी."

दोन वेण्यांची एक मुलगी चाचरत म्हणाली, "पण बाई, चार पदर ना? चार पाचे वीस तिथेच गेले. ओढायला काय उरलं?"

बाईंचे कान लाल झाले. बळ वाचवलं की दोर जास्त लागतो, हे त्यांनी किती वर्गांकडून घोकून घेतलं होतं!

"फळ्यावर दोर संपत नाही ना," दादा वरून म्हणाला.

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. "काय, राहिलं ना? दोर कमी आणला कुणी?"

दादाने बहिणीकडे पाहिलं. "माझंच चुकलं, साहेब."

"काही नाही चुकलं त्याचं," बाई ताडकन म्हणाल्या. "चिठ्ठी माझी, चूक माझी. दादा, दोन कप्प्या उतरव. मुलींनो, आता?"

"दोन पदर, दहा मीटर! खाली यायला पाच!"

"हाताशी पाच उरले!"

"पण बाई, बळ साठ झालं की."

"घर्षण धरून सत्तर समजा. दोघींचं काम नाही. सगळ्या या. सर, तुम्हीही."

"मी?"

"पाचला वीस मिनिटं कमी आहेत, सर."

मशीनखालून सगळ्यांना हटवून दादाने ओढणाऱ्यांच्या मागे दोराच्या टोकाला खांबाभोवती दोन वेढे दिले; ओढला जाईल तेवढा दोर तो तिथे आवळत जाणार होता. हात सुटले तरी घर्षण धरून ठेवणार होतं. मग त्याने हाळी दिली. मुली मागे रेलल्या, बाह्या सरसावलेले मुख्याध्यापक रेलले, आणि मशीन कुरकुरत हातभर उचललं गेलं. पुन्हा. पुन्हा. तीन मीटर चढल्यावर शिपायाने वरून ते आत ओढलं, आणि ते गॅलरीत टेकलं तेव्हा पाचला चार मिनिटं बाकी होती.

"बाई, सत्तर म्हणालात?" लाल तळवे चोळत मुख्याध्यापक म्हणाले. "मला दीडशे वाटले." मग गॅलरीतल्या शिपायाला ओरडून म्हणाले, "बाकं मागच्या शेडमध्ये टाका."

बाईंनी ते ऐकलंच नाही. खाली बसून त्या मोकळा झालेला दोर मोजत होत्या.

"आता काय मोजतेस?" दादाने विचारलं.

"तीन मीटर चढलं, म्हणजे सहा ओढला. आधीचे पाच. अकरा यायला हवेत."

"आले?"

"हातभर कमी."

"गाठीत गेला तो. गाठ मोजलीस का?"


बाईंनी दोर खाली ठेवला. "मुलींनो," त्या म्हणाल्या, "वहीत लिहा. गाठ."