वाट चुकलेले सर

उभ्या खानदेशात ज्याला चुकूनही रस्ता विचारू नये असा एकच माणूस आहे, आणि ते म्हणजे आमचे भूगोलाचे सर. जळगावात एका पाहुण्यानं त्यांना बसस्टँड कुठे म्हणून विचारलं, तर सरांनी काठीनं मातीत नकाशा काढला, उत्तर दिशा दाखवली आणि पावसाचं पाणी या रस्त्यावरून कुठल्या ओढ्याला मिळतं ते समजावून सांगितलं. पाहुण्याची धुळ्याची बस निघून गेली. "दुसरी येईल," सर म्हणाले, "पण आता तुम्ही या गावात कधी हरवणार नाही."

सर मूळचे धुळ्याकडचे. तरुणपणी फौजेत होते, लढाईत पायाला गोळी लागली, आणि लंगडत घरी आल्यावर पेन्शन खात बसायचं सोडून स्वतःहून लहान पोरांच्या बाकावर बसले, बीए, एमए झाले आणि आमच्या कॉलेजात प्राध्यापक. शिस्त मात्र फौजेतलीच. माझं लग्न ठरत होतं तेव्हा वडील नव्हते, म्हणून मुलगी बघायला मोठं माणूस म्हणून सरांना धुळ्याला नेलं. परत येताना आईनं विचारलं, "कशी वाटली?" सर म्हणाले, "जमीन काळी, कसदार. विहिरीला उन्हाळ्यातही पाणी." आई म्हणाली, "अहो, मुलगी!" "ती होय? पांझरा कुठे उगम पावते ते तिनं बरोबर सांगितलं. आणखी काय पाहिजे?" गेली सव्वीस वर्षं माझी बायको हे प्रशस्तिपत्र मला ऐकवते आहे.

सहलीला नेलं की सर दर अर्ध्या तासानं आम्हाला मोजत. आम्ही त्यावर फार हसायचो. एकदा चाळीसगावजवळच्या डोंगरात मी आणि माझा मित्र सीताफळांच्या नादात मागे राहिलो. पोट भरून निघालो तर वाट सापडेना. दोनेक तासांनी दुखऱ्या पायानं दरड चढून सरच आमच्यापर्यंत आले. आम्ही थपडेची वाट बघत होतो. पण ते दगडावर बसले आणि आम्हा दोघांनाच मोजलं, एक, दोन. मग एकदाच, खाली बघत म्हणाले, "लढाईत नकाशा माझ्या हातात होता रे. शेजारी शेजारी दोन नाले होते. मी चुकीचा धरला. पुढे चालणारा माझा दोस्त होता, आपल्या अमळनेरकडचा. तो तिथेच राहिला." त्यानंतर आम्ही मोजणीला कधी हसलो नाही.

सर ऐंशीच्या घरात गेले तेव्हा त्यांचे नकाशे आवरायला मी जायचो. खानदेशातल्या ज्या ज्या गावी ते पायी हिंडले होते त्यावर तांबडी खूण होती. अमळनेरकडच्या, बोरी नदीकाठच्या एकाच खेड्यावर नव्हती. मी विचारलं, "सर, हे दोस्ताचं गाव?" त्यांनी नकाशाची गुंडाळी केली. मग म्हणाले, "कुठल्या तोंडानं जाऊ?"

पुढच्या रविवारी मी त्यांना गाडीत घालून नेलंच. दोस्ताची धाकटी बहीण तिथे होती, विधवा होऊन माहेरच्या घरात राहिलेली, पांढऱ्या केसांची अक्का. सरांनी ओट्यावर बसायच्या आधीच सांगून टाकलं, "अक्का, वाट मी चुकलो होतो. तुमचा भाऊ माझ्यामुळे गेला."

अक्कानं हातातलं सूप खाली ठेवलं. "इतला वरीस कोठे व्हतात तुम्ही?" ती म्हणाली. "मन्ही माय सांगे, त्याना संगे व्हता तो कोनी तरी यी आनि सांगी. वाट दखत दखत तिना डोया मिटात."

कुणीतरी येऊन सांगेल म्हणून वाट बघत गेलेल्या त्या आईला कुणाची चूक ऐकायची नव्हती. शेवटच्या दिवसांत आपला पोरगा काय खात होता, हसत होता का, एवढंच तिला कुणाकडून तरी हवं होतं, आणि सर अपराधानं पन्नास वर्षं तिथे फिरकलेच नव्हते. ते रडले. अक्कानं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "माले सांगा." मग सर सांगत गेले. बर्फात तो अहिराणी गाणी म्हणायचा, पंजाबी पोरांना ठेच्यानं रडवायचा, बहिणीच्या लग्नासाठी लुगडं घेऊन ठेवलं होतं त्यानं. अक्का मध्येच हसली, तोंडाला पदर लावून, लहान मुलीसारखी.

यंदा सरांना अंथरुणातून उठवत नाही. आखाजीच्या दिवशी, ज्या सणाला आमच्याकडच्या लेकी माहेरी जातात, सकाळीच त्यांच्या दाराशी एक रिक्षा थांबली. अक्का एकटीच उतरली. एका हातात आंब्यांची पिशवी, दुसऱ्यात फडक्यात गुंडाळलेले मांडे. सर उशीवरून मान उचलून म्हणाले, "अक्का, एवढ्या उन्हात कशाला?"

"आखाजीले बाई माहेरले जास ना, भाऊ," ती म्हणाली, आणि चपला काढून घरात आली.