भुतांच्या खोलीतली झोप

२००३ सालच्या मे महिन्यातला रविवार. माणशी अडीचशे रुपये, त्यात बस आणि तिकीट. जालन्यात मस्तगडातल्या आमच्या गल्लीतली एकोणतीस माणसं तासाभराच्या वाटेवरच्या पाण्याच्या पार्कला निघाली होती. तिसावे सखारामआबा. बाकीचे सगळे खेळायला चालले होते. आबा चालले होते एका मुलीला दुपारी झोपवायला.

ती मुलगी माझी, रेणू. नऊ वर्षांची. दोन वर्षांपासून तिला फिट येत. डॉक्टरांनी बजावलं होतं : दमू द्यायचं नाही, दुपारची तासभर झोप चुकवायची नाही आणि लखलखणाऱ्या दिव्यांपासून लांब ठेवायचं. म्हणून आम्ही तिला नेणारच नव्हतो. तिने दोन दिवस जेवण सोडलं. तेव्हा शेजारचे आबा माझ्या बायकोला म्हणाले, "वैनी, पोरीला येऊ द्या. दुपारी तिला निजवायचं माझ्याकडं लागलं."

आबा मूळचे जाफराबादकडचे, मेंढपाळाच्या घरातले. तरुणपणी मेंढरं विकून जालन्याला आले आणि बियाण्यांच्या गोदामावर राखणीला लागले. पण नव्या जागी गेल्यावर पहिली अर्धी घटका सावली हुडकत हिंडायचं, ही सवय गेली नाही. लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, तहसीलच्या आवारात कुठेही ते आधी एक चक्कर मारून येत आणि म्हणत, "जागा बघून आल्तो. चला, बसा." दुसऱ्यांना बसवून स्वतः मात्र उभे. कोणी बसा म्हटलं की म्हणत, "माझं काय, मी बसलो की माझे पाय भांडतेत." त्यांची बायको म्हणायची, हा माणूस आमच्या लग्नात बोहल्यावरसुद्धा एका जागी ठरला नाही.

पार्कात शिरल्याबरोबर आबा नाहीसे झाले. आम्ही रेणूला उथळ पाण्यात सोडलं. मी सारखा घड्याळ बघत होतो. कर्णे कोकलत होते, पोरं किंचाळत होती आणि प्रत्येक झाडाखाली कोणाचा ना कोणाचा डबा उघडलेला होता. बारा वाजता आबा आले, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. मागच्या अंगाला एक भिंत आहे, दाट लिंब आहे, चिटपाखरू नाही, म्हणाले. जागा खरोखर चांगली निघाली. रेणूने दशमी खाल्ली, गोळी घेतली, सतरंजीवर आडवी झाली. तिचा डोळा लागतो न लागतो तोच पार्कातली वीज गेली. कर्णे बंद, पाळणे बंद. आणि त्या भिंतीपलीकडचं जनरेटर धडधडत सुरू झालं. सगळ्या पार्कात तेवढी एकच जागा आता गोंगाटाची होती.

रेणू दचकून उठून बसली. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी आबांकडे. "बस काढायला सांगतो. घरी जाऊ," मी म्हणालो.

"बसमदी भट्टी हाय भाऊ. पत्रा तापून राह्यला. दहा मिनिटं द्या मला."

दहा मिनिटांनी ते धापा टाकत परतले आणि आम्हाला थेट पार्कातल्या भुतांच्या खोलीपाशी घेऊन गेले, जिथे विजेवर ओरडणारी भुतं दाखवून लोकांना घाबरवत. जनरेटरवर फक्त पाण्याचे पंप आणि कचेरी चालत होती. भुतांना वीज नव्हती. आत काळोख, गारवा आणि शांतता. दारावरचा माणूस स्वतःच उंबऱ्यात पेंगत होता. तो आत सोडायला तयार नव्हता. आबांनी त्याला कसं वळवलं ते मला माहीत नाही. मी पोचलो तेव्हा दोघे एकमेकांची गावं विचारत होते. तो आमच्याच जिल्ह्यातला, घनसावंगीकडचा निघाला.

रेणू एका प्लॅस्टरच्या सांगाड्याच्या पायाशी झोपली. बायको जवळ बसली. मी बाहेर येरझाऱ्या घालत होतो, आबाही घालत होते. आम्ही दारापुढे एकमेकांना ओलांडत होतो. मधेच ते थांबले आणि दारावाल्याला म्हणाले, "लाईट आली मंग?"

तेवढा विचार मी केला नव्हता. वीज आली की भुतं एकदम ओरडणार आणि दिवे लखलखणार, तेही झोपलेल्या रेणूच्या डोक्याशी. दारावाल्याने आत जाऊन खोलीचं मुख्य बटण खाली केलं.

अर्ध्या तासात वीज आली. कर्णे सुरू झाले आणि दारापुढे रांग लागली. लोक कुरकुरू लागले. व्यवस्थापक आला आणि दारावाल्याला फैलावर घेऊ लागला. आबा मधे उभे राहिले. "त्याला न्हाई, मला बोला. आत लेकरू निजलंय. आजारी हाय. तिची ती उठंल तवा भुतं चालू करा."

व्यवस्थापकाने पडदा सारून आत पाहिलं. पाच मिनिटं, म्हणाला. रांगेतली एक बाई तिथूनच म्हणाली, "झोपू द्या हो साहेब, भुतं कुठं पळून चालली?" लोक हसले. पाचाची वीस मिनिटं झाली.

रेणू उठली, डोळे चोळले आणि म्हणाली, मला भुतं बघायचीत. मी नाही म्हटलं. आबांनी दारावाल्याची बॅटरी घेतली, तिचा हात धरला आणि बंद खोलीत एकेक भूत दाखवून आणलं. सांगाड्याच्या बरगडीला हात लावू दिला. नंतर गल्लीतली पोरं आतून किंचाळत बाहेर आली तेव्हा ती त्यांना समजावत होती, तिसऱ्या भुताचा हात सुतळीने बांधलेला आहे.

त्या दिवशी फिट आली नाही. पुढे आल्या, बाराव्या वर्षापर्यंत, मग थांबल्या.

आबा नोकरी सोडून गावी गेले आणि २००९ साली वारले. आम्हाला चार दिवसांनी कळलं. रेणू तेव्हा औरंगाबादला होस्टेलवर होती. मी फोनवर सांगितलं. तिने विचारलं, "शेवटी त्यांना झोप लागली होती का?"

मला माहीत नव्हतं. तसं तिला म्हटलं, आणि आबांच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, दोन दिवस तळमळत होते, सारखे उठून बसत होते, जागा बदलायला लावत होते. पहाटे ओसरीवर आणलं, तिथे थोडा डोळा लागला. तासभर असेल.

रेणूला पुन्हा फोन केला आणि तेवढंच सांगितलं, तासभर.