शेंगदाणेवाली आणि गाडीची पाटी

हल्ली मला संभाजीनगरच्या बसस्थानकावर स्वस्थ बसवत नाही. त्याला कारण तिथली एक शेंगदाणेवाली.

रोज तिला बघून मी वैतागायचो. गाडी लागली की टोपली तशीच सोडून ही धावायची. पाटीवरच्या अक्षरांखालून हवेत बोट फिरवायची आणि मोठ्यानं वाचायची, "कन्नड, कन्नड." गिऱ्हाईक टोपलीपाशी ताटकळत राहायचं.

एकदा पैठणच्या गाडीत मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो. खिडकीखालून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ही कन्नडला जाती का?" मी न बघताच हो म्हणालो. तो चढून बसला. ड्रायव्हर यायच्या आत ती बाई गाडीत शिरली, प्रत्येकाला कुठं जायचं ते विचारत म्हाताऱ्यापाशी आली. त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं. तिनं हात धरून त्याला उतरवलं, कन्नडच्या गाडीत बसवलं आणि धापा टाकत माझ्या खिडकीशी आली.

"मलाबी एका साहेबानं असंच सांगितलं व्हतं. कंडक्टरनं तिकीट फाडताना अर्ध्या वाटंत उतरवलं. मागं फिरून कन्नडला पोचले, तवर आईला मसणात नेलं व्हतं."

मी मोबाइल खिशात घातला.

"मंग नातीच्या पुस्तकातून अक्षरं शिकले, या वयात," ती म्हणाली. "तुमाला तर पहिल्यापासून वाचता येतं, साहेब."

शेजारी दुसरी गाडी लागत होती. ती तिकडं धावली.