निळ्या काठाचे कप

आकाराम शेवाळे यांच्या घरी, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, कपांचं एक खोकं तीन वर्षं न वापरता पडून होतं. पांढरे कप, काठाला बारीक निळी रेघ, सहा कप आणि सहा बशा. त्यांच्या बायकोनं, बनुबाईंनी, ते कराडच्या बाजारातून आणले तेव्हा आकाराम म्हणाले होते, "घरात हायत की कप."

"ते रोजचं. तुमी जिंकल्यावर लोकांना चहा काय कान तुटलेल्या कपातनं देणार व्हय?"

जिंकलेल्यानं हरलेल्याला चहा पाजायचा, ही रीत आकारामांनीच मलकापुरात आणली होती. ते फौजेत हवालदार होते. काश्मीरच्या एका छावणीत त्यांनी दोन हिवाळे काढले. तिथे गोठलेल्या तळ्यावर साहेब लोक वर मूठ बसवलेला दगड सरकवत खेळायचे आणि दगडाच्या वाटेवरचा बर्फ झाडायला आकारामांना उभं करायचे. दुसऱ्या हिवाळ्यात एक गडी आजारी पडला, म्हणून त्यांच्या हातात दगड आला. तो हातातून सुटून लांब गेला आणि जिथे थांबायला हवा होता तिथे अलगद थांबला. त्या खेळाला कर्लिंग म्हणतात हे त्यांना नंतर कळलं. तिथे खेळ संपल्यावर जिंकलेले हरलेल्यांना जे पाजत तो चहा नसायचा, पण गावी सांगताना आकारामांनी त्याचा चहा केला.

पेन्शनीत आल्यावर त्यांनी हा खेळ गावात काढायचा म्हटलं, तेव्हा लोक पोट धरून हसले.

"आबा, बर्फ कुठाय?" दूध घालणाऱ्या धुळानं विचारलं.

"न्हाई."

"मग झाडू तरी कशाला लागतोय?"

"न्हाई लागत."

"मग ऱ्हायलं काय?"

"दगड," आकाराम म्हणाले.

भाऊसोच्या गॅरेजमध्ये दगडाला खाली बेअरिंग बसली, वर मूठ बसली. गुळगुळीत फरशी मंगल कार्यालयात होतीच; तिच्यावर दोन लांब पट्टे आखले, प्रत्येकाच्या टोकाला वर्तुळ, मधोमध ठिपका, आणि फेरीअखेर ठिपक्याच्या सर्वांत जवळ ज्याचा दगड त्याला गुण. पौषात लग्नं नसतात, कार्यालय रिकामं असतं. म्हणून स्पर्धा पौषात. पहिल्या वर्षी मलकापूर आणि सांगली असे दोनच संघ होते. चौथ्या वर्षी बाहेर कापडी फलक लागला, 'सातारा-सांगली विभागीय पुरुष कर्लिंग अजिंक्यपद स्पर्धा', आणि संघ पाच झाले. वाईचे मास्तर लोक आले, त्यांचं अर्धं लक्ष परतीच्या एसटीवर. कोयनानगरच्या वसाहतीतले निवृत्त कर्मचारी आले. त्यांचा नेम चुकला की धुळा म्हणे, "भूकंपाचा धक्का बसला असंल, तुमाला सवयीनं कळला न्हाई." साताऱ्याचे आले, मलकापूरचे होतेच, आणि सांगलीहून सुकुमार मगदूम नेहमीप्रमाणे आपले तिघे घेऊन आले.

सुकुमारआण्णा हळदीचे व्यापारी. आकारामांपेक्षा दोन वर्षांनी लहान, बोटांच्या पेरांना कायम पिवळी झाक. तीन वर्षं अंतिम सामना मलकापूर विरुद्ध सांगली असाच झाला आणि तीनही वर्षं आकारामांनी आण्णांचा चहा प्याला. चहा चांगला असायचा. आण्णा शेजारी बसून घरचं, शेतातलं विचारायचे, एकदाही टोचून बोलले नाहीत. म्हणून तर तो घशाखाली उतरायला वेळ लागायचा. एकदा, फक्त एकदा, आपण ओतावा आणि आण्णांनी प्यावा, एवढंच आकारामांना हवं होतं. गुडघे कुरकुरायला लागले होते. आणखी किती पौष खेळता येतील, सांगता येत नव्हतं.

बनुबाई दरवर्षी थर्मास भरून आणि खोकं पिशवीत घालून कार्यालयात येत, मागच्या रांगेत बसत आणि खोकं तसंच परत नेत.

यंदा सकाळी उद्घाटन झालं. या भागात नवा ट्रॅक्टर असो, बोअर असो की कुस्तीचा आखाडा, नारळ फोडल्याशिवाय काही सुरू होत नाही. वयानं मोठे म्हणून नारळ आकारामांच्या हातात दिला. त्यांनी तो मानानं, पहिल्या पट्ट्याच्या मधोमध ठेवलेल्या दगडावर फोडला. पाणी डाव्या अंगाला फरशीवर वाहिलं, कुणीतरी त्यावर गुलाल टाकला, टाळ्या झाल्या. आकारामांनी खांद्यावरच्या टॉवेलनं जागा कोरडी पुसली आणि खेळ सुरू केला.

दुसऱ्या सामन्यात त्याच पट्ट्यावर धुळाचा दगड डावीकडून जाताना मध्येच पाय ओढल्यासारखा झाला आणि थांबला. आकारामांनी वाकून फरशीला बोट लावलं. चिकट. नारळाचं पाणी वाळलं होतं आणि वर गुलालाची बारीक कच बसली होती. "उजवीकडनं घ्या रं," त्यांनी आपल्या गड्यांना सांगितलं. जेवायच्या सुट्टीत ओलं फडकं मारू असं त्यांनी ठरवलं. पण सुट्टीत वाईकरांची साडेतीनची एसटी चुकायची वेळ आली, त्यांना सोडायला मोटारसायकली शोधण्यात फडकं राहिलं ते राहिलंच.

सांगलीकर दिवसभर दुसऱ्या पट्ट्यावर खेळले होते. अंतिम सामना पहिल्या पट्ट्यावर लागला.

आण्णांचा पहिला दगड डावीकडून निघाला आणि वर्तुळाच्या बराच अलीकडे मेला. दुसरा तसाच. आण्णांनी हाताकडे पाहिलं, मग उजवा खांदा चोळला. मागच्या उन्हाळ्यात त्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. पुढचे दगड त्यांनी, मलकापूरकरांचं पाहून, सोबत्यांना उजवीकडून टाकायला लावले, आणि शेवटच्या फेरीपर्यंत दोन्ही संघ चार-चारवर आले.

आकारामांना पहिला दगड मेला तेव्हाच सगळं आठवलं होतं. आधी वाटलं, फेरी संपली की सांगू. फेरी संपल्यावर वाटलं, आता सांगितलं तर आधीच का नाही सांगितलं असं होईल. मग ते मागच्या रांगेकडे पाहत राहिले. बनुबाईंच्या मांडीवर पिशवी होती.

शेवटच्या फेरीत मलकापूरचा दगड मधल्या ठिपक्यापासून वीतभर अंतरावर थांबला आणि भाऊसोनं दुसरा दगड उजव्या वाटेवर आडवा लावला. आता फक्त आण्णांचा एक दगड उरला होता, आणि त्याला वाट होती फक्त डावीकडून. कार्यालयाच्या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन फरशीवर लांब पसरलं होतं. आण्णा जैन, सूर्य मावळल्यावर काही खात-पीत नाहीत. खेळ वेळेत संपतोय हे सगळ्यांनी मनात मोजलं होतं.

आण्णा दगडाजवळ येऊन थांबले. हळू आवाजात, फक्त आकारामांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हवालदार, हा शेवटचाच बरं का. खांदा संपला माझा. पुढच्या वर्षी आमच्या पोराला, अतिशयला, धाडतो. बरा टाकतोय."

आकारामांनी डावीकडच्या फरशीकडे पाहिलं. या खेळात पंच नसतो. चूक ज्याची, त्यानंच ती सांगायची, हे त्यांनी पहिल्या वर्षी प्रत्येक संघाला उभं करून सांगितलं होतं. तेव्हा धुळा म्हणाला होता, त्यापेक्षा कुस्ती बरी, पाठ टेकली की साऱ्या गावाला दिसतं.

"थांबा आण्णा," आकाराम म्हणाले. "खांदा न्हाई. फरशी."

"म्हंजे?"

"सकाळी म्या नारळ फोडला, त्याचं पाणी हाय तितं. चिकाट झालंय. तुमचा पयला दगड मेला तवाच मला ठावं हुतं."

धुळा जागेवरूनच म्हणाला, "आबा, डोकं फिरलं का तुमचं? एक दगड ऱ्हायलाय."

"म्हणूनच," आकाराम म्हणाले. "बादली आण."

धुळा हलला नाही. बनुबाई उठल्या, पिशवी खुर्चीवर ठेवली, मोरीतून बादली आणि फडकं घेऊन आल्या आणि गुडघ्यावर बसून त्यांनी ती जागा दोनदा ओल्यानं, एकदा कोरड्यानं पुसली. फडकं गुलाबी झालं. उठताना नवऱ्याला म्हणाल्या, "सकाळीच सांगायचं हुतं. घरात तर साखर सांडली तरी मला उठवता."

आण्णांनी दगड सोडला. तो डावीकडून गेला, पुसलेल्या जागेवरून काही न होता पुढे सरकला, शेवटी जरासा वळला आणि थांबला. नुसत्या डोळ्यांना दोन्ही दगड सारख्याच अंतरावर दिसत होते. भाऊसोनं दोरी धरली. दोन बोटांनी सांगली पुढे होती.

धुळा पाठ फिरवून बाहेर गेला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, आकारामांनीही. आण्णांनी उजवा हात वर उचलून गोल फिरवून बघितला, जणू तो त्यांना कुणीतरी परत आणून दिला होता.

"चला, चहा," ते म्हणाले. पण समोरच्या टपरीवरचं दूध संपलं होतं आणि खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. आण्णा मागच्या रांगेशी आले.

"वहिनी, थर्मासात काय हाय?"

"चहा. पण त्यो आमी जिंकल्याचा हाय."

"मग द्या मला, मी वाढतो. नियमानं आज चहा माझाच."

बनुबाईंनी पिशवीतून खोकं काढलं, त्यावरची चिकटपट्टी नखानं सोडवली, कप पाण्यातून काढून पदरानं पुसले आणि ओळीनं मांडले. आण्णांनी ओतला. पहिला कप आकारामांच्या हातात दिला आणि दुसरा स्वतः घेऊन घोट घेतला.

"आलं न्हाई घातलं," ते म्हणाले.

"तुमी खात न्हाई ना. वेलदोडा घातलाय. हरल्यावर तुमाला द्यायचा म्हणून केला हुता."

आण्णा हसले, आणि हसताना कप बशीवर किणकिणला. आकारामांनी आपला कप हळूहळू प्याला. यंदा तो सहज खाली उतरला. दाराशी धुळा घुटमळत होता. आकारामांनी त्याला हातानं बोलावलं, "ये रं, गार हुतोय."

"मला न्हाई प्यायचा."

"बशीत घे मग."

तो आला आणि बशीतून भुरके मारत प्याला. आण्णांचा आणि आकारामांचा चहा संपेपर्यंत खिडकीत थोडं ऊन होतं.

घरी आल्यावर बनुबाईंनी ते कप खोक्यात भरले नाहीत. धुऊन रोजच्या कपांशेजारी फळीवर उपडे घातले. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या खोक्यात जुन्या लुगड्याची चार फडकी घडी करून ठेवली आणि खोकं आकारामांकडे दिलं.

"दगडांबरोबर ठेवा," त्या म्हणाल्या. "आन पुढच्या वर्षी नारळ भाईर पायरीवर फोडा."